तेराशे बेचाळीस कुणाचं?

मी चार वर्षांची आहे, हे मला बुधवारी दुपारी कळलं.

तोवर मी स्वतःला तेराची समजत होते. जालन्याच्या शाळेत सातवीला होते, गणितात वर्गात पहिली येत होते, आणि मामाच्या घरी सकाळी सात माणसांच्या भाकरी थापून मगच दप्तर उचलत होते. पण शाळेचे मुन्शी भुजंगराव मिडल परीक्षेचे फॉर्म घेऊन वर्गात आले. माझा बदनापूरच्या शाळेचा दाखला त्यांनी आधी डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, आणि म्हणाले, "तुळजाबाई बिन्त रामकिसन. पैदाइश सन तेराशे बेचाळीस. ही तूच काय?"

"जी, मीच."

"आज निजाम सरकारचं फसली साल कोणतं चालू हाये?"

"तेराशे सेहेचाळीस."

"मंग कर वजाबाकी."

माझ्याआधी वर्गानंच केली. असा हशा उठला की शेजारच्या वर्गातल्या मुली दारात आल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी अंगाईसुद्धा धरली.

"मुन्शीजी, लिहिताना चूक झाली असंल," मी म्हणाले. "याच दाखल्यात खाली बघा. पहिलीत दाखल, अमरदाद महिना, फसली तेराशे एकोणचाळीस. म्हणजे मी जन्माच्या तीन वर्षं आधी शाळेत गेले?"

"ते मला काय इचारती? गेली असशील."

"आणि तीन वर्षांखाली तुम्हीच मला पाचवीत घेतलं. तवा मी एक वर्षाची होते! रांगत आल्ते का?"

"तोंड लई चालू लागलं तुझं," भुजंगराव म्हणाले. "चार वर्षांच्या पोरीला शोभत न्हाई."

पुन्हा हशा. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. भुजंगराव वाईट माणूस नाहीत. मोहरमला सगळ्या वर्गाला सरबत पाजतात. पण कागदावर त्यांची श्रद्धा अशी, की समोर धडधाकट उभी असलेली मुलगी खोटी आणि तिचा पिवळा दाखला खरा.

मी बड्या उस्तानींकडे, म्हणजे मुख्य बाईंकडे गेले. आमच्या शाळेच्या बड्या उस्तानी मदिना बेगम कमी बोलतात. त्यांनी दाखला पाहिला, मला पाहिलं, पुन्हा दाखला पाहिला.

"देखो बेटी, इम्तिहान को बारा साल पूरे होना. मैं आंखों से देखरी तू बारा से ऊपर है. मगर औरंगाबादवाले तेरे को नहीं देखते, कागज देखते. सनीचर की डाक से फॉर्म जाते. उसके पहले सबूत ला."

"अगल्या साली बसले तर, उस्तानी?"

हे मी नुसतं विचारलं. उत्तर मलाच माहीत होतं. मामा रेल्वेत आहे आणि उन्हाळ्यात त्याची बदली पूर्णेला होणार आहे. जालन्यात दुसरं कुणी आपलं नाही, आणि बदनापुरात मुलींसाठी चौथीच्या पुढं काही नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला शिकू दिलं ते मामाच्या भरवशावर. यंदा मिडल झाली नाही, तर माझं शिक्षण सातवीपाशी संपलं. उस्तानींनी मान हलवली आणि दाखला माझ्या हातात दिला.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी बदनापूरला उतरले. मामानं गार्डाच्या ओळखीवर बसवून दिलं होतं. शिवरात्र आठ दिवसांवर आलेली, ज्वारी काढणीला आलेली, सगळं गाव रानात. माय तेवढी घरी होती. तिच्याजवळ ओट्यावर शेजारची खैरुन खाला बसलेली. खैरुन खाला गावाची सुईण. निम्म्या बदनापूरला तिनं पहिली चापट मारलेली आहे, मलाही.

मी पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "माय, मी कोणत्या साली झाले?"

"अगं, पाणी तरी पी."

"पाणी नंतर. साल सांग."

"साल काय सांगू? टोळ आल्ते न्हाई का, तेच्या पुढल्या साली."

"टोळ कोणत्या साली आल्ते?"

"तू व्हायच्या आदल्या साली."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात दादा बैलाला पाणी दाखवून आले. त्यांना सगळं सांगितलं. दादा खाली बसले, डोळे मिटले आणि फार विचार करून मायला म्हणाले, "टोळ न्हाई, साळू. पोरगी झाली तवा पांढरी कालवड पयल्यांदा व्याली. मला बराबर याद हाये."

"कालवडीचा दाखला हाये का तुमच्यापाशी?" मी विचारलं.

"तिचा कशाला दाखला? ती काय शाळेत जाती?"

कुंपणापलीकडून कडूबा काकांनी हे सगळं ऐकलं होतं. बोलावल्याशिवाय येणं हा त्यांचा स्वभाव. ते आले आणि म्हणाले, "माझ्या हिरीचं बांधकाम झालं, त्या साली झाली ही. लिहून घे."

"हिरीवर साल कोरलंय का, काका?"

"कोरल्तं की."

मी उठून उभी राहिले. "चला, दाखवा."

"कोरल्तं. मंग हीर ढासळली. मंग पुन्हा बांधली. आता दुसरं साल हाये तिच्यावर."

पोलीस पाटलाकडे जन्म-मृत्यूचं बूक असतं, असं दादांना आठवलं. मी धावत जाऊन आले. बूक होतं. पण ते माझ्या जन्मानंतर दोन वर्षांनी सुरू झालेलं. त्याआधीची माणसं बहुधा सरकारला न विचारताच जन्मत होती.

आमच्या तारीखच्या, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात एक धडा आहे. फार जुन्या काळी बाबिलोन देशाचे लोक सालांना आकडे देत नसत, नावं देत. राजानं कालवा खणला ते साल, शहराची भिंत बांधली ते साल. आपल्याकडे अशोकाच्या शिळांवरही आकडा मोजलाय तो त्याला राज्याभिषेक होऊन किती वर्षं झाली त्याचा. राजा बदलला की पुन्हा एकपासून. हा धडा वाचताना मला वाटलं होतं, बिचारे! कसं काय चालत असेल त्यांचं? आता ते सगळे बिचारे आमच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. कडूबाची हीर बांधली ते साल. पांढरी कालवड व्याली ते साल. बाबिलोनवाल्यांनी निदान मातीच्या विटांवर यादी लिहून ठेवली होती, कोणत्या सालानंतर कोणतं आलं त्याची. आमची यादी माणसागणिक वेगळी.

"पण दिवस पक्का हाये," माय मला समजवायला म्हणाली. "शिवरात्र होती. मला कडक उपास. भगर सुदिक खाल्ली नव्हती."

"शिवरात कायकी?" खाला लगेच ताठ झाली. "मेराज थी! मैं मस्जिद में चिरागां लगाको आई, आते आतेच तुम्हारी जाऊ बुलाने आई. हातां को तेल था मेरे."

"खाला, मी बाळंतीण की तुमी? महादेवाच्या देवळातली घंटा मला ऐकू येत व्हती."

"घंटा होइंगी. मेराज थी."

हे भांडण मी कळत्या वयापासून ऐकत आलेय. माझ्या जन्माचा विषय निघाला की माय शिवरात्र म्हणते, खाला मेराज, म्हणजे मशिदीत दिवे लागतात ती पैगंबरांची रात, म्हणते, आणि शेवटी दोघी चहा पितात. मी दोघींना सोडून आत गेले आणि उतरंडीशी बसून रागानं शेंगा खाल्ल्या. उद्या शुक्रवार. परवा डाक.

शुक्रवारी सकाळी मी ख्वाजामियाँकडे गेले. गावात त्यांना सगळे मौलवीसाब म्हणतात. पहिली ते चौथी मी त्यांच्याच हाताखाली शिकले. दोन वर्षांखाली ते पेन्शनीत गेले, पण शाळेची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला, कारण नवे मास्तर दसऱ्याला गावी गेले ते आलेच नाहीत. दाखला बघून मौलवीसाब हसायला लागले. खरंच हसले, खोकला येईपर्यंत.

"बेटी, ये तो हिजरी है!"

"म्हणजे?"

"म्हणजे तेराशे बेचाळीस हिजरी. फसली नहीं." त्यांनी डोळे पुसले आणि मराठीत आले. "तुझ्या दादांनी दाखल करायला आणलं तवा तुझी माय रानात व्हती. सोबत खैरुनबी. ती म्हणाली रजब महिना, मेराजचा. रजब फसलीत असतो का? मी हिजरीच्या हिशेबानंच लिहिलं. दाखल केल्याची तारीख मात्र सरकारी, म्हणून फसलीत."

"आणि वर हिजरी असं लिहिलं न्हाई?"

"महिना लिहिला ना, रजब! महिना वाचला की कुणालाही कळंल."

पण दाखल्यात महिना नव्हता. ज्यानं कुणी नक्कल केली त्यानं नुसतं साल उचललं होतं. आम्ही शाळेत गेलो, पेटी उघडली, जुनं रजिस्टर काढलं. एकोणचाळीस सालचं पान निघालं. माझं नाव होतं. दादांचं नाव होतं. सन १३४२ ठळक होतं. आणि सालाच्या शेजारी, जिथं रजब असायला हवा, तिथं वाळवीनं करंगळी जाईल एवढं भोक पाडलेलं. मी भोकातून पलीकडच्या मौलवीसाबांकडे बघितलं.

"हिला बाकीचं पान दिसलं न्हाई का खायला?"

"मी लिहून देतो की महिना रजब व्हता."

"भुजंगराव म्हणतील, पेन्शनीतल्या माणसाची चिठ्ठी चालत न्हाई. मी त्यांना वळखते, मौलवीसाब. ते वाळवीचीसुद्धा सही मागतील."

आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. मला एकच समजत नव्हतं. दोन्ही सालं तेराशे काहीतरीच का? शक बघा, अठराशेच्या घरात आहे. इसवी एकोणीसशेच्या घरात. कुणी त्यांची गल्लत करणार नाही. हीच दोघं एकमेकांच्या अंगावर का पडतात?

"कारण दोघं एकाच दारातून निघाले," मौलवीसाब म्हणाले. "शहाजहान बादशहाच्या वेळेला दख्खनमध्ये फसली सुरू केली, तवा हिजरीचाच आकडा घेतला. पण फसली पिकाबरोबर चालते, सूर्याच्या चालीनं. हिजरी चांदाबरोबर. चांदाचं वर्ष अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून हिजरी दरसाली अकरा दिवस पुढं सरकती. तेहतीस वर्षांत एक अख्खं साल पुढं. आता नऊ-दहा सालांचा फरक पडलाय."

म्हणजे एकाच गोठ्यातून सोडलेले दोन बैल, एक जरा भरभर चालणारा. आणि त्या दोघांच्या मधल्या नऊ वर्षांत मी हरवले होते.

"म्हणून तर मेराज कधी थंडीत येती, कधी उन्हात," मौलवीसाब बोलतच होते. "तुमची शिवरात्र हलत न्हाई. ती माघातच. अधिक महिना टाकून तुम्ही चांदाला जागेवर आणता. मेराज पळतच राहती."

मी पायरीवरून उडालेच.

"मौलवीसाब! मेराज आणि शिवरात्र एकाच दिवशी कधी आल्ती?"

"अं?"

"माय म्हणती शिवरात्र. खाला म्हणती मेराज. तेरा वर्षं भांडून राहिल्या. दोघी खऱ्या असल्या तर?"

मौलवीसाब ताडकन उठले. मग घराकडे चालू लागले, इतक्या झपाट्यानं की मला पदर सांभाळत पळावं लागलं. त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत दर सालाच्या जंत्र्या होत्या. जंत्री म्हणजे छापील पंचांगच, पण एका ओळीत फसली, हिजरी, इसवी आणि सगळ्यांचे सण. त्यांनी दोन काढल्या. आधी फसली तेराशे बेचाळीसची, भुजंगरावांच्या म्हणण्याप्रमाणे मी जन्मले त्या सालाची. मेराज होती दै महिन्यात, दिवाळीनंतर महिन्याभरानं. शिवरात्र तिच्यापुढं तीन महिन्यांनी. मग नऊ सालं मागं जाऊन फसली तेराशे तेहतीसची उघडली. मौलवीसाबांचं बोट खाली खाली घसरत आलं आणि थांबलं.

रजबची सत्ताविसावी, म्हणजे मेराज, आणि महाशिवरात्र, एकाच ओळीत शेजारी शेजारी. डावीकडे हिजरी तेराशे बेचाळीस. उजवीकडे इसवी एकोणीसशे चोवीस, मार्च.

"अल्ला," मौलवीसाब म्हणाले. "ही गाठ पडली की दोन-तीन सालं राहती, मंग तीस वर्षं भेट न्हाई."

मी त्या दोन्ही जंत्र्या छातीशी धरून घरापर्यंत पळत गेले. वाटलं होतं, माय आणि खाला ऐकून एकमेकींच्या गळ्यात पडतील. कुठलं काय! खाला म्हणाली, "मैं क्या बोल री थी? मेराज." माय म्हणाली, "म्हणजे शिवरात्रच की." मी त्या दोघींना तिथंच सोडून दिलं आणि बयान लिहायला बसले.

बयान लिहिणं काही सोपं गेलं नाही. मायला बयानात कालवड घालायची होती. दादांची आठवण खोटी पडू नये म्हणून. कडूबा काकांना साक्षीदार व्हायचं होतं, पण विहिरीचा उल्लेख असेल तरच. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "ज्याला त्याला फकत आपला सण सांगायचा. साल कुणी सांगायचं न्हाई. आकड्याला हात लावायचा न्हाई!" मायचं बयान वेगळं, खालाचं वेगळं. दोघींचे अंगठे. खाली मौलवीसाबांची सही, आणि कडूबा काकांचीही, कारण ते सही केल्याशिवाय जाईनात.

शनिवारी सकाळी दादा माझ्याबरोबर आले. भुजंगराव फॉर्मांचा गठ्ठा दोरीनं बांधत होते. त्यांनी माझे कागद वाचले.

"यात साल कुठंय?"

"साल तुम्ही काढायचं, मुन्शीजी. या जंत्र्या. माझी माय म्हणती शिवरात्र, खाला म्हणती मेराज. दाखल्यावर तेराशे बेचाळीस. आता फसली बेचाळीसमध्ये हे दोन दिवस एकत्र आणून दाखवा. मी चार वर्षांची म्हणून घरी जाते."

भुजंगरावांनी चष्मा लावला. बेचाळीसची जंत्री पानन् पान पाहिली. मागून पुढं पाहिली. बड्या उस्तानी येऊन मागं उभ्या राहिल्या. माझ्या मनात एकच, की या माणसाला आता आणखी एखादा कागद आठवू नये.

"बायांना ध्यानात राहातं का तेरा वर्षांखालचं?" ते पुटपुटले.

दादा पुढं सरकले. ते म्हणाले, "साहेब, मला लेकीचं साल सांगता येत न्हाई, खरंय. पण हिची माय उपाशी व्हती ते मला याद हाये. दुसऱ्या दिशी उपास सोडायला मी भाकरी भाजल्ती. शिवरात्रीबिगर आमच्याकडं असला उपास कोण धरतं?"

उस्तानींनी हात पुढं केला. "भुजंगराव, कलम दो." त्यांनी स्वतः फॉर्मवर लिहिलं, हिजरी तेराशे बेचाळीस, मुताबिक फसली तेराशे तेहतीस. उम्र तेरा. शिक्का मारला. मग भुजंगरावांनी दोरी सोडून माझा फॉर्म गठ्ठ्यात घातला, दोरी परत आवळली आणि मला म्हणाले, "बघ, म्हणजे दाखला बराबरच व्हता. मी पयल्यापासून सांगून राह्यलो, कागद खोटं बोलत न्हाई."

दादांनी माझं मनगट घट्ट धरलं, म्हणून मी काही बोलले नाही.

परीक्षा खुरदाद महिन्यात, भर उन्हाळ्यात झाली. मी पास झाले, वरच्या दर्जात. शिकवणाऱ्या बायांच्या वर्गासाठी माझं नाव उस्तानींनी औरंगाबादला पाठवलंय. तिथं राहायची सोयही आहे, मामा नसला तरी चालेल.

निकालाच्या हप्त्यात मी बदनापूरला होते. तेव्हाच खालाला नात झाली. आम्ही सगळे बघायला गेलो. पाळण्यात एवढीशी लालबुंद मुलगी, मुठी आवळलेल्या. कडूबा काका वाकून बघत म्हणाले, "आता हिचं साल कुणी इसरायचं न्हाई. तुळजी शाळेत चार वर्षांची निघाली, त्या साली झाली ही."

"व्हय," माय म्हणाली.

"हौ, बराबर," खाला म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं, आणि ते हे!

मी चुलीतला कोळसा उचलला आणि पाळण्यावरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. फसली १३४६, तीर. हिजरी १३५६, रबीउलअव्वल. शक १८५९, वैशाख. इसवी १९३७, मे. प्रत्येक आकड्याच्या आधी त्याचं नाव, म्हणजे तेरा वर्षांनी कुणी भुजंगराव भेटला तर पोरीला जंत्र्या घेऊन धावावं लागू नये. महिन्यांखाली दोन दोन रेघाही मारल्या. खाला कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हो गया लिखना?"

"झालं, खाला."

"अच्छा हुआ. कल चूना लगाने को आदमी बुलाई मैं."